निदान ठरेपर्यंतचे पालकत्व

प्रश्न नेमका कोणता

नागपूरच्या सक्करदरा भागातील एखाद्या घरात पाच-सहा वर्षांच्या मुलाचे वागणे आवरेनासे झाले, तर दाद मागायच्या जागा फार दूर नाहीत. सक्करदरा चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सगळे नागपूर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणते ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. उमरेड रस्त्यावर ताजुद्दीन बाबांचा दर्गा असलेले ताजाबाद आहे, शहराच्या दुसऱ्या बाजूला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि मिहान परिसरात एम्स आहे. खासगी बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक आणि थेरपी सेंटरे वेगळीच. तरीही अशा अनेक कुटुंबांच्या फायलीत दोन-तीन वर्षांनंतरही एक ठाम नाव नसते. एका कागदावर ‘ऑटिझमची लक्षणे’, दुसऱ्यावर ‘एडीएचडीची शक्यता’, तिसऱ्यावर ‘बोलण्यात उशीर, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा’. घरातले वडीलधारे सांगतात, याचा बापही लहानपणी असाच होता. शेजारी म्हणतात, पोट्टं लाडानं बिघडलं. दरम्यान मूल मारत असते, चावत असते, भिंतीवर डोके आपटत असते, वर्गातून पळून जात असते.

या लेखाचा विषय अशा मुलांचे पालकत्व हा आहे. साधा हट्ट किंवा खोडकरपणा त्यात येत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एरिक इमर्सन यांनी १९९५ मध्ये केलेली व्याख्या आजही या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. वर्तनाची तीव्रता, वारंवारता किंवा कालावधी इतका असतो की त्या व्यक्तीची वा इतरांची शारीरिक सुरक्षितता धोक्यात येते, किंवा इतरांना सहज खुल्या असलेल्या जागा तिच्यासाठी बंद होतात. असे वर्तन आव्हानात्मक. या व्याख्येत एकाही आजाराचे नाव नाही. वर्तन कोणत्या कारणाने होते हे पाहण्याआधी त्याने मुलाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हे ती विचारते.

गेल्या काही दशकांत या प्रश्नावर बरेच संशोधन झाले आहे आणि बरेच मतभेदही आहेत. त्या सगळ्याचा हिशेब मांडताना जो निष्कर्ष पुढे येतो, तो आरंभीच नोंदवलेला बरा. घरात काय करावे, हे बऱ्याच अंशी निदानाच्या नावावाचून ठरवता येते. शाळेत, सरकारी कचेरीत आणि कायद्यात मुलाला काय मिळावे, हे मात्र आज बहुतांशी त्या नावावरच अवलंबून आहे. विज्ञान एका वाटेने जाते आणि हक्कांची व्यवस्था दुसऱ्या. त्यांच्यामधल्या अंतरात ही कुटुंबे अडकतात.

नावांचा शंभर वर्षांचा प्रवास

बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःचा आवेग आवरत नाही अशा मुलांचे तपशीलवार वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये केले. त्यांनी त्याचा अर्थ मात्र नैतिक संयमातील उणीव असा लावला. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने काही चंचल मुले शांत होतात असे आढळले, आणि प्रश्न नीतीकडून मेंदूकडे सरकला. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी त्याच्याशी जुळणारे वर्णन केले. त्यानंतरचा काळ पालकांसाठी, विशेषतः आयांसाठी, कठोर होता. आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते, हा विचार ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने लोकप्रिय केला. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्येच या अवस्थेचे मूळ जैविक असल्याचे मांडले होते. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा भक्कम पुरावा दिला आणि आईला दोषी धरणाऱ्या सिद्धान्ताचा शास्त्रीय आधार गेला. समाजातून तो दोषारोप अजून गेलेला नाही, हे ‘लाडानं बिघडलं’ या शेऱ्यावरून दिसतेच.

पुढे नावे ठरवण्याचे नियमही बदलत गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीनुसार, एखाद्या मुलाला ऑटिझम असल्यास एडीएचडीचे (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) वेगळे निदान करता येत नसे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ती अट काढली, अॅस्पर्गर हे स्वतंत्र नाव ऑटिझमच्या स्पेक्ट्रममध्ये विलीन केले आणि सततच्या चिडचिडीसाठी एक नवे निदान जोडले. म्हणजे २०१० साली ज्या मुलाला एकच नाव मिळाले असते, त्याच मुलाला २०१५ साली दोन मिळू शकत होती. मूल बदलले नव्हते. नियम बदलला होता.

भारतात कायद्यानेही असाच प्रवास केला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमला जागा नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती दिली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी २१ प्रकारांपर्यंत वाढवून ऑटिझम स्पेक्ट्रम व विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात घेतल्या. एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

सक्करदऱ्याच्या परिसराला या विषयाचा एक जुना संदर्भ आहे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये वेडे ठरवून तिथे ठेवण्यात आले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेले. ज्यांना एका व्यवस्थेने रुग्ण मानले, त्यांनाच हजारो लोकांनी संत मानले. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यातून एक सामाजिक वास्तव कळते. वेगळ्या वागण्याचा अर्थ लावण्याच्या अनेक पद्धती या शहरात शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत, आणि आजचे पालकही दवाखाना, दर्गा, मंदिर आणि वैद्य यांपैकी एकाचीच निवड क्वचित करतात. या वास्तवाला अडाणीपणा म्हणून झटकले तर कुटुंब बोलायचे थांबते. मर्यादा कुठे आखायची, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सांगितले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे. प्रार्थना करणे हा नाही.

निदान अस्पष्ट का राहते

निदान लांबले की पालकांना वाटते, आपल्याला चांगला डॉक्टर मिळाला नाही. कधी ते खरेही असते. पण अस्पष्टतेचा मोठा भाग या अवस्थांच्या स्वरूपातच आहे. रक्ताच्या चाचणीने किंवा एमआरआयने ऑटिझम, एडीएचडी वा विरोधी वर्तनाचा विकार ठरत नाही. तो निरीक्षणातून आणि पालकांच्या कथनातून ठरतो. २०१३ ची नियमावली येण्यापूर्वी अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत दोन तज्ज्ञ एकाच मुलाबद्दल स्वतंत्रपणे किती सहमत होतात, हे कप्पा या मापाने मोजले गेले. या मापात शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाइतकी सहमती आणि एक म्हणजे पूर्ण सहमती. ऑटिझमसाठी ते ०.६९, एडीएचडीसाठी ०.६१, विरोधी वर्तनाच्या विकारासाठी ०.४० आणि चिडचिडीच्या नव्या निदानासाठी फक्त ०.२५ आले. म्हणजे ज्या मुलाचे मुख्य लक्षण राग आणि उद्रेक हेच आहे, त्याच्या बाबतीत दोन जाणत्या डॉक्टरांची मते वेगळी पडणे हे अपेक्षितच आहे.

दुसरे कारण, या अवस्था एकेकट्या येत नाहीत. स्वीडनचे बालमानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी २०१० मध्ये ‘एसेन्स’ ही संकल्पना मांडली. लहान वयात बोलणे, झोप, लक्ष, हालचाल, सामाजिक संवाद वा वर्तन यांपैकी एका बाबतीत गंभीर अडचण दिसली, तर इतर बाबतींतही ती असण्याची शक्यता मोठी. म्हणून त्या वयात एकच नाव शोधण्यापेक्षा सगळ्या अंगांनी तपासणे आणि मुलाला अनेक वर्षे नजरेखाली ठेवणे महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह आहे. भारतातील आकडेही तिकडेच बोट दाखवतात. इन्क्लेन या संस्थेच्या संशोधकांनी पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे ४,००० मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधारण आठांतील एका मुलाला मज्जाविकासाची किमान एक अडचण होती, आणि अशा मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत ती एकाहून अधिक होती.

तिसरे कारण शरीराचे आहे, आणि ते सर्वांत आधी तपासायला हवे. कमी ऐकू येणारे मूल सांगितलेले ऐकत नाही, म्हणून ते हट्टी ठरते. क्षणभर भान हरपणारी अपस्मार अवस्था दुर्लक्ष वाटते. ज्याला बोलता येत नाही त्याची दातदुखी किंवा बद्धकोष्ठता चावण्यातून व्यक्त होते. झोप अपुरी असली की चंचलता वाढते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोहाच्या कमतरतेचा संबंध अस्वस्थ झोपेशी आणि चिडचिडीशी जोडला गेला आहे. विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपुरातून मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली, आणि आज हा आजार इथल्या घराघरांना ठाऊक आहे. सिकलसेल अॅनिमिया असलेल्या मुलांच्या मेंदूत बाहेरून काही न जाणवता छोटे आघात होऊ शकतात आणि त्यांचा परिणाम लक्ष व शिकण्यावर होतो. नागपुरातील अशा मुलाच्या वर्तनाचा विचार सिकलसेलच्या तपासणीशिवाय पुरा होत नाही.

आधी निदान, की आधी मदत

या विषयात आज तीन मुख्य भूमिका दिसतात. पहिली म्हणते, आधी निदान. तिचे समर्थन भक्कम आहे. नेमके नाव मिळाले की उपचाराची दिशा ठरते, पुढच्या गर्भारपणाविषयी आनुवंशिक सल्ला देता येतो, पालकांची वणवण थांबते आणि ‘हे आमच्या वागण्यामुळे झाले नाही’ हा दिलासा मिळतो. अपस्मार, थायरॉइड किंवा काही चयापचयाचे आजार यांवर नेमका उपचार आहे. तिथे नावाशिवाय केलेली मदत म्हणजे वाया गेलेला वेळ. भारतीय बालरोग अकादमीने १८ ते २४ महिन्यांच्या वयात ऑटिझमसाठी चाळणी तपासणी करण्याची शिफारस केली आहे, ती याच विचाराने.

दुसरी भूमिका वर्तनाच्या कारणापासून सुरू होते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवले की वर्गातील त्रासदायक वागणे पुष्कळदा संवादाचे काम करते. मूल त्यातून लक्ष मागते किंवा अवघड कामातून सुटका मागते. तीच गोष्ट मागण्याचा दुसरा मार्ग शिकवला की वागणे कमी होते. या विचारात उद्रेकाआधी काय घडले, उद्रेकात काय झाले आणि नंतर मुलाला काय मिळाले, याची नोंद हेच मुख्य साधन. नाव ऑटिझम असो की एडीएचडी, सुटकेसाठी ओरडणाऱ्या मुलाला ‘थांब’, ‘मदत कर’ हे शब्द, खुणा किंवा चित्रे शिकवावी लागतात.

तिसरी भूमिका प्रश्नाची दिशाच बदलते. मेंदूंच्या वेगळेपणाला विविधता मानणाऱ्या न्यूरोडायव्हर्सिटीच्या चळवळीतील अनेक ऑटिस्टिक प्रौढांचे म्हणणे असे, की ज्याला आपण समस्या म्हणतो त्यातले बरेचसे वागणे गोंगाट, लखलखते दिवे, अचानक बदललेले वेळापत्रक आणि सतत ‘सरळ बस’ म्हणणारी माणसे यांना दिलेला प्रतिसाद असते. मुलाला आज्ञाधारक करणारे उपचार वरवर यशस्वी दिसले तरी त्याच्या अंगावर भीती सोडून जातात, असा त्यांचा आक्षेप आहे. १९८७ मध्ये ओले इवार लोवास यांनी प्रसिद्ध केलेल्या वर्तनोपचाराच्या निष्कर्षांवर याच बाजूने तीव्र टीका झाली, कारण त्यांच्या सुरुवातीच्या कामात वेदनादायक शिक्षेचाही वापर होता.

वरवर या तिन्ही भूमिका एकमेकींच्या विरोधात दिसतात. पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिली विचारते, हे कशामुळे आहे. दुसरी विचारते, हे आत्ता का घडले. तिसरी विचारते, बदलायचे कोणाला. पालकाला तिन्ही प्रश्न पडतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत उरलेले दोन विचारायचेच नाहीत असे ठरते.

घरात काय उपयोगी ठरते

घरातल्या उपायांविषयीचा पुरावा आज बऱ्यापैकी जमा झाला आहे. ऑरेगनमधील जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवलेली गोष्ट त्याच्या मुळाशी आहे. मूल ओरडते, पालक मागणी सोडून देतो, ओरडणे थांबते. मूल शिकते की ओरडण्याने काम होते, आणि पालक शिकतो की माघार घेतली की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी पालक मारतो, मूल गप्प होते, आणि मारण्याची सवय पक्की होते. हे चक्र दोघे मिळून चालवतात. त्यात एकाला दोषी ठरवण्याचे कारण नाही. चांगल्या वागण्याकडे मुद्दाम लक्ष देणे, सूचना मोजक्या आणि स्पष्ट ठेवणे, सांगितलेले शांतपणे तडीस नेणे, या तत्त्वांवर कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांचे ‘इनक्रेडिबल इयर्स’ आणि मॅथ्यू सँडर्स यांचे ‘ट्रिपल पी’ हे कार्यक्रम उभे आहेत. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने तीन ते बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठीच्या गट-प्रशिक्षणाचे १३ अभ्यास तपासले. मुलांचे वर्तन सुधारल्याचे आणि पालकांचे मानसिक स्वास्थ्य व कौशल्य वाढल्याचे त्यात आढळले.

रॉस ग्रीन यांनी १९९८ च्या ‘द एक्सप्लोझिव्ह चाइल्ड’ या पुस्तकात वेगळी मांडणी केली. मूल जमत असते तर नीट वागले असते. त्याच्यात उणीव इच्छेची नसून लवचिकपणा आणि निराशा झेलण्याच्या कौशल्यांची आहे, म्हणून बक्षीस-शिक्षेपेक्षा मुलाबरोबर बसून अडचण सोडवावी, असे ते म्हणतात. या दोन पद्धतींची तुलना करणारा १३४ मुलांचा अभ्यास थॉमस ओलेंडिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही पद्धती प्रतीक्षा यादीतील गटापेक्षा सरस ठरल्या आणि एकमेकींच्या जवळपास बरोबरीच्या निघाल्या. दोन्हींत साधारण निम्मी मुले निदानाच्या निकषांबाहेर आली. पद्धतींमधला वैचारिक झगडा मोठा असला तरी परिणामांतला फरक तेवढा मोठा नाही. उरलेल्या निम्म्या मुलांचा प्रश्न दोघींनाही सुटलेला नाही, हेही तितकेच खरे.

ऑटिझम असलेल्या तीन ते सात वर्षांच्या १८० मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २४ आठवड्यांत वर्तनाचे प्रशिक्षण घेतलेल्या पालकांच्या मुलांची चिडचिड पालकांच्याच नोंदींनुसार ४७.७ टक्क्यांनी कमी झाली. ऑटिझमविषयी नुसती माहिती मिळालेल्या पालकांच्या मुलांत ती ३१.८ टक्क्यांनी घटली. म्हणजे माहितीनेही फरक पडतो, सरावाने अधिक पडतो. आपल्याकडचा महत्त्वाचा पुरावा गोव्याचा आहे. १९९६ पासून तिथे काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने आणि रावळपिंडीतील सहकाऱ्यांनी मिळून ६५ मुलांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले, आणि पालकांचा प्रतिसाद व मुलाने स्वतःहून केलेला संवाद वाढला. मराठी मुलखाच्या शेजारी, आपल्यासारख्याच घरांत हे घडले, म्हणून त्याचे मोल अधिक.

औषधांबाबतही चित्र पुरेसे स्पष्ट आहे. ऑटिझम असलेल्या, तीव्र चिडचिड करणाऱ्या १०१ मुलांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिस्पेरिडोनने आठ आठवड्यांत चिडचिड ५६.९ टक्क्यांनी कमी केली, तर औषध नसलेल्या नुसत्या गोळीने १४.१ टक्क्यांनी. पण औषध घेणाऱ्या मुलांचे वजन तेवढ्या काळात सरासरी २.७ किलोने वाढले. एडीएचडीवरच्या ५७९ मुलांच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात १४ महिन्यांनी औषध प्रभावी ठरले, पण तीन वर्षांनी गटांमधला फरक उरला नाही. तीव्र संकटात औषधाला जागा आहे; ते पालकत्वाची जागा घेत नाही. सुवर्णप्राशनासारखे आयुर्वेदिक उपचार नागपुरात अनेक पालक करून घेतात, पण आव्हानात्मक वर्तनावर त्यांचा परिणाम सिद्ध करणारा, वरील चाचण्यांच्या तोडीचा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. छडीच्या बाबतीत तर पॅटरसन यांचे चक्रच उत्तर देते: तिने क्षणाची शांतता मिळते आणि पुढच्या उद्रेकाची बीजे पेरली जातात.

व्यवस्था नाव मागते

घराबाहेर पडले की चित्र बदलते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या तपासणीसाठी ज्या ३० अवस्था ठरवल्या, त्यांत ऑटिझम, अध्ययनाच्या अडचणी आणि एडीएचडी तिन्ही आहेत. अंगणवाडी आणि शाळेतून संशयित मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची रचना आहे. इथपर्यंत नाव ठरलेले असण्याची अट नाही. पण पुढे दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र, परीक्षेतील सवलती आणि राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना, या सगळ्यांसाठी यादीतले नाव लागते. ऑटिझमचे प्रमाण ठरवण्यासाठी ‘इसा’ या ४० प्रश्नांच्या भारतीय मापनश्रेणीवर किमान ७० गुण लागतात. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या वयाआधी मिळत नाही. फक्त एडीएचडी असलेल्या मुलाला २०१६ च्या यादीत घरच नाही.

याचा परिणाम असा, की ज्या मुलाच्या वर्तनाने शाळा सर्वाधिक हैराण आहे त्याच्याच हाती कागद नसतो. वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस शिक्षक (शॅडो टीचर) मागितला तर शाळा प्रमाणपत्र मागते; प्रमाणपत्र मागायला गेले तर निदान लागते; आणि निदान तर ‘सहा महिन्यांनी पाहू’ या टप्प्यावर थांबलेले असते. अशा वेळी पालकांना पुरेसे ठाऊक नसलेले एक संरक्षण मात्र उपलब्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १६ वे कलम प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते, आणि १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला. या दोन्ही कलमांना कोणत्याही निदानाची गरज नाही. सहा ते चौदा वर्षांचे मूल असणे एवढीच अट पुरते. निदानाविना हक्क देता येतो, हे आपल्या कायद्याने एका ठिकाणी तरी मान्य केले आहे.

आक्षेप आणि उत्तरे

गरजेनुसार मदत आधी सुरू करावी, या मताला काही गंभीर आक्षेप आहेत. पहिला, की त्यामुळे तपास सुस्तावेल आणि उपचार होऊ शकणारा आजार निसटेल. हा धोका खरा आहे. म्हणून श्रवणचाचणी, दृष्टी, झोप, रक्त, सिकलसेल आणि गरज असल्यास ईईजी या तपासण्या मदतीची पूर्वअट न ठेवता तिच्या जोडीने, पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हव्यात. आधी मदत म्हणजे तपास नको, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वर उल्लेखलेल्या बहुतेक चाचण्या निदान झालेल्या मुलांवर झाल्या. मग निदान नसलेल्या मुलाला त्यांचे निष्कर्ष कसे लावायचे? याचे उत्तर अंशतःच देता येते. कॉक्रेन आढाव्यातील अभ्यासांत वर्तनाची तीव्रता मोजून निवडलेली मुलेही होती. ऑटिझम, एडीएचडी आणि विरोधी वर्तन या वेगवेगळ्या गटांत जवळजवळ तीच तत्त्वे लागू पडताना दिसतात. जे तीन वेगळ्या नावांखाली चालते ते नाव ठरण्याच्या आधीही चालेल, हे अनुमान वाजवी आहे. पण ते अनुमान आहे, थेट पुरावा नव्हे.

तिसरा आक्षेप पालकांकडून येतो. पालकांना प्रशिक्षण द्या म्हटले, की चूक पालकांचीच असा अर्थ निघतो. बेटलहाइम पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने आले. हा आक्षेप मनापासून ऐकायला हवा. साध्या मुलाला जे सहज शिकता येते ते या मुलाला शिकवायला असाधारण कौशल्य लागते. असे कौशल्य कोणत्याही आईबापांना जन्मतः येत नाही. प्रशिक्षण हे दोषाचे प्रमाणपत्र ठरू नये, ही जबाबदारी ते देणाऱ्याची आहे. त्यासाठी पहिल्या दिवसापासून आईच्या झोपेची, तिच्या नोकरीची, भावंडांची आणि घरातल्या इतरांच्या शेऱ्यांची विचारपूस व्हायला हवी. अनेकदा मुलाच्या वर्तनाइतकाच आईचा थकवाही उपचार मागत असतो.

काय अजून सुटलेले नाही

या क्षेत्रात काही प्रश्न उघडे आहेत. संयुक्त कुटुंबात आजी-आजोबा, काका आणि वडील यांचे नियम वेगवेगळे असतात. पाश्चात्त्य कार्यक्रम दोन पालकांच्या घराला गृहीत धरतात. ते आपल्याकडे कसे बदलावेत, यावर मराठीत काम व्हायला हवे. मुली वर्गात लक्षणे लपवतात आणि घरी कोसळतात, असे निरीक्षण आहे. मापने मुख्यतः मुलग्यांवर घडवलेली असल्याने त्या निसटतात. गोव्यासारखे कार्यकर्त्यांमार्फत चालणारे काम विदर्भात आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका करू शकतील का, त्यांच्यावरच्या आधीच्या भारात हे बसेल का, हा धोरणाचा प्रश्न आहे. पडद्याच्या वेळेबाबत भारतीय बालरोग अकादमीने दोन वर्षांखालील मुलांना पडदा टाळावा असे सांगितले आहे. पण मोबाइल वर्तन बिघडवतो, की बिघडलेल्या वर्तनामुळे मोबाइल हाती दिला जातो, याची उकल पूर्ण झालेली नाही. आणि ज्यांना कधीच एक नाव मिळाले नाही अशी मुले मोठी होऊन कशी जगतात, याचा भारतातील दीर्घकालीन पाठपुरावा हवा आहे.

तरीही दिशा ठरवण्याइतके आज नक्कीच कळले आहे. निदानाचा शोध सोडू नये, कारण त्यावर उपचार आणि हक्क अवलंबून आहेत. पण त्या शोधाच्या प्रतीक्षेत मुलाची आणि आईबापांची वर्षे रिकामी जाऊ नयेत. व्यवस्थेने करण्यासारखे एक पाऊल स्पष्ट आहे. वर्तनाची तीव्रता मोजून, नाव नसतानाही, ठरावीक मुदतीपुरते तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे. त्यावर शाळेत आधार आणि पालकांना प्रशिक्षण मिळावे. आणि मुदत संपताना निदानाचा फेरआढावा व्हावा. सक्करदऱ्याच्या एखाद्या घराला मेडिकलपासून मिहानपर्यंत फेऱ्या माराव्या लागत असतील, तर त्या फेऱ्यांच्या काळातही मुलाला शाळा आणि आईला मदत असणे, ही त्या मुलाची गरज आहे आणि समाजाची जबाबदारी.